भूकंप व ज्वालामुखी : परीक्षेसाठी उजळणी कशी करावी

(सुरत येथे मराठी माध्यमाच्या शाळांतील शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. इतर ठिकाणच्या शिक्षकांस व ग्रामस्थांसही तो उपयुक्त वाटेल, म्हणून येथे देत आहोत.)



परीक्षा जवळ आल्या आहेत. भूगोलातील भूकंप व ज्वालामुखी या प्रकरणांतील घटनांची उजळणी मुलांनी कशी करावी, याविषयी चार शब्द सांगावेत असा आपला आग्रह झाला. विषय लहान दिसतो. तीन-चार गुणांचा एखादा प्रश्न, दोन-तीन टिपा आणि नकाशात दाखवावयाची चार ठिकाणे, एवढीच त्याची परीक्षेतील व्याप्ती. परंतु या विषयाने मला एकदा चांगलाच धडा शिकविला आहे, आणि तो सांगूनच मी आरंभ करणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे ‘भूकंपाच्या वेळी घ्यावयाची दक्षता’ हा प्रश्न हमखास विचारला जाई. माझ्या वर्गाने त्याचे उत्तर मुखोद्गत केले होते. ‘बाकाखाली आश्रय घ्यावा, डोके झाकावे, जिन्याकडे धावू नये, धक्का थांबल्यावर रांगेने बाहेर पडावे.’ चाचणीत बहुतेकांस पूर्ण गुण मिळाले. त्यानंतर पंधरवडाही लोटला नसेल, एके दिवशी दुपारी खिडक्यांची तावदाने वाजली आणि जमीन क्षणभर हलली. धक्का अगदी सौम्य होता. शाळेची एक वीटही पडली नाही. पण पुरा वर्ग किंकाळ्या फोडीत जिन्याकडे धावला, आणि त्यांच्या मागोमाग मीही धावलो. त्या गर्दीत एका मुलीचा हात मोडला. तिच्या उत्तरपत्रिकेत ‘जिन्याकडे धावू नये’ हे वाक्य होते. त्याखाली बरोबरची खूण होती, आणि ती माझ्याच हातची होती.

त्या मुलीचा हात भूकंपाने मोडला नाही. आम्ही उत्तर पाठ केले होते, पण त्याचा अभ्यास केला नव्हता, म्हणून तो मोडला. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, या प्रकरणाची उजळणी अशी करावी की ती उत्तरपत्रिकेतही उपयोगी पडेल आणि जमीन हलेल तेव्हाही. सुदैवाने दोहोंची रीत एकच आहे.

एका घटनेस एक पान

मुलांची पहिली अडचण असते ती घटनांच्या गर्दीची. मार्गदर्शकात पंधरा-वीस भूकंप व दहा-बारा ज्वालामुखी दिलेले असतात. सगळ्यांची साले पाठ करता करता कोणाचे साल कोणास चिकटते आणि परीक्षेत कोयनेचा भूकंप कच्छात जातो. माझा सल्ला असा की, थोड्या घटना निवडाव्यात, पण त्या पुरत्या जाणून घ्याव्यात. भूकंपाच्या तीन व ज्वालामुखीच्या तीन एवढ्या पुरेत.

प्रत्येक घटनेस वहीचे एक पान द्यावे आणि त्यावर सहा प्रश्नांची उत्तरे लिहावीत. घटना कोठे घडली? केव्हा घडली? कशामुळे घडली? हानी कोणती झाली आणि तेवढीच का झाली? त्या वेळी लोकांनी व शासनाने काय केले? आणि त्यानंतर काय बदलले? पानाच्या कोपऱ्यात लहानसा नकाशा हाताने काढावा. या सहांपैकी चौथा व सहावा प्रश्न बहुतेक मुले गाळतात, आणि परीक्षक नेमके तेच शोधीत असतो. ‘अतोनात हानी झाली’ असे लिहिणाऱ्यास त्याने काय म्हणून गुण द्यावेत? अतोनात हानी का झाली, हे सांगणारा विद्यार्थी भूगोल लिहीत असतो.

आता ही पाने आपण मिळून भरू या. उदाहरणे मी मुद्दाम जवळची घेणार आहे. आपणांपैकी पुष्कळांचे मूळ गाव जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत आहे आणि घर लिंबायत, उधना वा डिंडोलीस आहे. महाराष्ट्र व गुजरात हे दोन्ही आपलेच प्रदेश. या विषयातील मोठी उदाहरणे याच दोन राज्यांत घडलेली आहेत.

पहिले पान : कोयना, १९६७

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर हादरले. भूकंपाचे परिमाण, म्हणजे रिश्टर मोजपट्टीवरील आकडा, ६.३ होता. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार म्हणजे पुरातन व स्थिर भूमी, तेथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, असा त्यापूर्वी सर्वसाधारण समज होता. कोयनेने तो समज मोडला.

कारणांच्या रकान्यात जपून लिहावे. ‘धरणाच्या वजनाने भूकंप झाला’ हे वाक्य अर्धवट आहे. भारतीय भूपट्ट वर्षास सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या भूपट्टावर रेटा देतो. त्या रेट्याचा ताण द्वीपकल्पाच्या पोटातील जुन्या भेगांवरही साठत असतो. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत शिवाजीसागर जलाशय भरू लागला. पाण्याचा भार आणि भेगांतून खोल मुरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे, आधीच ताणलेले खडक सरकण्यास निमित्त मिळाले. ताण निसर्गाचा, निमित्त जलाशयाचे, असे दोन भाग करून लिहिले म्हणजे उत्तर निर्दोष होते. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप जगात सर्वांत मोठा मानला जातो, हेही अवश्य नोंदवावे.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर येथे भरघोस आहे. धरणास तडे गेले, पण ते उभे राहिले. नंतर त्याचे मजबुतीकरण करण्यात आले. देशाच्या भूकंपप्रवण विभागांचा नकाशा सुधारण्यात आला. कोयना खोऱ्यातील धक्क्यांचा अभ्यास आजतागायत चालू आहे. खडकांची स्थिती प्रत्यक्ष पाहण्यासाठी तेथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रही घेण्यात आले, आणि ते काम २०१७ साली पुरे झाले.

दुसरे पान : किल्लारी, १९९३

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपेत होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व भोवतालची गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. भूकंपाचे परिमाण ६.२ होते आणि सुमारे ८ हजार माणसे गेली.

विद्यार्थी मित्रांनो, कोयना ६.३ आणि किल्लारी ६.२ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. आकडा जवळजवळ तोच असताना एके ठिकाणी मृत्यू सुमारे १८०, तर दुसरीकडे सुमारे ८ हजार. असे का, या एका प्रश्नात भूगोलाचे सारे प्रकरण सामावले आहे.

किल्लारीचा धक्का जमिनीखाली फार खोल नव्हता, वस्ती दाट होती आणि वेळ झोपेची होती. परंतु मुख्य कारण घरांचे होते. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या गोल दगडांच्या भिंती, त्यांत चुना वा सिमेंट नाही, केवळ माती. वर लाकडी माळवद आणि त्यावर दरवर्षी थर देत देत जाड झालेली माती. आपल्या खानदेशात धाब्याचे घर म्हणतात तशीच ही बांधणी. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, दिसावयास भक्कम. पण भिंतीचा आतला थर व बाहेरचा थर एकमेकांस बांधलेले नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर सुटले आणि माळवदाची सारी माती निजलेल्या माणसांवर आली. भूकंप माणसे मारीत नाही, पडणारी घरे मारतात, हे वचन आपण ऐकतो. किल्लारीने त्याचे मोल सांगितले.

या प्रदेशास त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात ठेवलेले होते. २००२ साली नकाशा पुन्हा सुधारला तेव्हा तो सर्वांत खालचा विभागच रद्द करण्यात आला. ‘धोका नाही’ असा शिक्का कोणत्याही गावावर मारावयाचा नाही, हा त्यातील अर्थ. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. दुरुस्तीयोग्य घरांसाठी काही साधे उपाय गवंड्यांस शिकविण्यात आले. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना बांधून ठेवणारा सलोह काँक्रीटचा पट्टा फिरविणे आणि छतावरील मातीचे ओझे कमी करणे, हे ते उपाय. पालकहो, हे तीन मुद्दे मुलांस गुण देणारे आहेत आणि गावाकडील घराची डागडुजी काढाल तेव्हा तुमच्याही कामी येणारे आहेत.

तिसरे पान : कच्छ, २००१

२६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे. ही वेळ सुरतेत असलेल्या कोणा वडीलधाऱ्यास विचारून पाहा. भूकंपाचे केंद्र कच्छातील भचाऊजवळ, येथून सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर होते. तरीही सुरतेत इमारती कोसळल्या व माणसे दगावली. गुजरातमध्ये मृतांची संख्या १३ हजारांहून अधिक झाली. अमेरिकन भूशास्त्र सर्वेक्षणाने या भूकंपाचे परिमाण ७.७ दिले, तर भारतीय हवामान खात्याने ६.९ दिले होते. मापनाच्या पद्धती भिन्न असल्याने असा फरक पडतो. उत्तरात एकच आकडा द्यावा, पण कोणाचा ते सांगावे.

येथे मोजपट्टीचे गणित समजून घ्या. तिच्यावर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. ७.७ हा आकडा किल्लारीच्या ६.२ पेक्षा दीड अंकाने मोठा आहे, म्हणजे ऊर्जा शंभर पटींहून अधिक. मृत्यू मात्र शंभर पटींनी वाढले नाहीत. परिमाण हे भूकंपाच्या शक्तीचे माप आहे. तीव्रता हे एखाद्या ठिकाणी जाणवलेल्या परिणामाचे माप आहे, आणि ती ठिकाणागणिक बदलते. ‘परिमाण व तीव्रता यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नास याहून चांगले उदाहरण नाही.

अहमदाबाद केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तेथे सातशेहून अधिक माणसे दगावली. साबरमतीच्या मऊ गाळावर उभ्या असलेल्या, तळमजल्यावर वाहनांसाठी नुसते खांब ठेवून वर मजले चढविलेल्या अनेक इमारती बसल्या. गाळाची जमीन हादरा वाढविते आणि भिंतींवाचून उभे असलेले खांब तो सोसू शकत नाहीत. आपले सुरत तापीच्या गाळावर वसलेले आहे. २००६ च्या महापुरामुळे पाण्याचे भय आपणांस कळले आहे. जमिनीचे भय तितकेच जवळचे आहे, हे कच्छच्या पानावर लिहून ठेवा.

आणि अंजार. प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळकरी मुले जुन्या बाजारातील अरुंद रस्त्यावर होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. १८५ विद्यार्थी व २० शिक्षक गेले. तेथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले असून २०२२ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच वेळी अन्यत्र पुष्कळ ठिकाणी झेंडावंदनासाठी मोकळ्या मैदानावर असलेली मुले बचावली. उघडे मैदान आणि अरुंद गल्ली यांतील अंतर पाठ करावयाचे नसते, ते डोळ्यांसमोर आणावयाचे असते.

त्यानंतर काय बदलले? गुजरातने २००१ साली राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले व २००३ साली त्यासाठी कायदा केला. २००५ साली संपूर्ण देशासाठी कायदा झाला. कच्छच्या पानावर आणखी एक जुनी नोंद ठेवावी. १६ जून १८१९ रोजीही कच्छात प्रचंड भूकंप झाला होता. त्या वेळी रणात जमीन उचलली जाऊन मैलोगणती लांबीचा उंचवटा तयार झाला. लोक त्यास ‘अल्लाहबंद’ म्हणू लागले. जेथे एकदा झाला तेथे पुन्हा होऊ शकतो, एवढे त्यावरून ध्यानी धरावे.

सुरतेच्या आसपासच्या नोंदीही जोडाव्यात. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. २३ मार्च १९७० रोजी भरूच परिसरात ५.४ परिमाणाच्या भूकंपाने प्राणहानी झाली. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी भागात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. नर्मदा व तापी ज्या सरळ रेषेत पश्चिमेकडे वाहतात, त्या रेषेत भूपृष्ठाच्या जुन्या कमकुवत पट्ट्या आहेत. २००२ च्या नकाशात सुरत तिसऱ्या विभागात व कच्छ सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात दाखविलेले होते. असे नकाशे वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून उत्तरात विभाग लिहिताना नकाशाचे सालही लिहावे.

ज्वालामुखी : पायाखालचा व समुद्रातला

आता ज्वालामुखीकडे वळू. मुलांस वाटते की हा विषय इटली-जपानचा. पण सुरतेहून भुसावळच्या गाडीत बसा. बारडोली, व्यारापर्यंत गाळाची सपाट शेते दिसतात. उकाई-सोनगड आले की टेकड्या सुरू होतात. नवापूर येते. त्या स्थानकाचा काही भाग गुजरातेत तर काही महाराष्ट्रात आहे, हे आपण जाणताच. पुढे नंदुरबारपर्यंत खिडकीतून पाहत राहा. सपाट माथ्याच्या, पायऱ्या-पायऱ्यांच्या त्या टेकड्या म्हणजे थिजलेला लाव्हा होय.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. शंकूच्या आकाराचा डोंगर येथे झाला नाही. हे भेगी उद्रेक होते. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटर भरते. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. नंदुरबार-धुळे भागात शेतांमधून सरळ रेषेत मैल-मैल गेलेल्या काळ्या दगडाच्या अरुंद टेकड्या आपण पाहिल्या असतील. भेगांत वर येताना थिजलेला शिलारस पुढे सभोवतालचा भाग झिजल्यामुळे असा भिंतीसारखा उघडा पडला. भूशास्त्रात तिला भित्ती म्हणतात. हाच खडक कुजून काळी कापसाची जमीन झाली. त्याच खडकात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली. ज्वालामुखीचे दुष्परिणाम सगळेच लिहितात. लाभ लिहावयाचे असतील तर खानदेशच्या कापसाचे उदाहरण द्यावे.

जागृत ज्वालामुखीचे भारतीय उदाहरण म्हणजे अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून ते ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरांवर आहे. बेटावर मनुष्यवस्ती नाही. एकोणिसाव्या शतकातील उद्रेकांनंतर ते दीर्घकाळ शांत होते. १९९१ साली ते पुन्हा जागे झाले आणि त्यानंतर वेळोवेळी उद्रेक झाले आहेत. तेथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडील भूपट्टाखाली जातो. म्हणजे दख्खनमध्ये भेगी उद्रेक, तर बॅरनला भूपट्टांच्या सीमेवरील केंद्रीय उद्रेक. या एका तुलनेत ज्वालामुखींचे वर्गीकरण पुरे होते.

परदेशातील उदाहरण द्यावयाचे तर ते जोडीने द्यावे. कोलंबियातील नेवादो देल रुईस हा बर्फाच्छादित पर्वत १३ नोव्हेंबर १९८५ रोजी उसळला. उद्रेक फार मोठा नव्हता. पण बर्फ वितळून चिखलाचे लोट नदीपात्रांतून धावले आणि दोन-अडीच तासांनी आर्मेरो हे गाव त्यांनी गिळले. वीस हजारांहून अधिक लोक मेले. धोक्याचा नकाशा सुमारे महिनाभर आधी तयार झालेला होता आणि त्यात ते गाव धोक्याच्या पट्ट्यात होते. फिलिपीन्समधील पिनातुबोचा उद्रेक १५ जून १९९१ चा. तो त्याहून कितीतरी प्रचंड होता. पण शास्त्रज्ञांनी दिलेला इशारा मानून हजारो कुटुंबे आधीच हलविण्यात आली आणि असंख्य प्राण वाचले. जे दगावले त्यांतील बरेचसे पावसाने भिजून जड झालेल्या राखेच्या ओझ्याने छपरे कोसळल्यामुळे दगावले. पहिल्या ठिकाणी ज्ञान कागदावर राहिले, दुसऱ्या ठिकाणी ते लोकांपर्यंत पोहोचले.

हमखास होणाऱ्या चुका

उत्तरपत्रिका तपासताना ज्या चुका वारंवार आढळल्या, त्या थोडक्यात सांगतो. लोणारचे सरोवर हा ज्वालामुखीचा खड्डा नव्हे. बेसाल्ट खडकावर उल्का आदळून तो झाला आहे. उनाई, उनपदेव, वज्रेश्वरी येथील गरम पाण्याचे झरे म्हणजे खाली ज्वालामुखी धगधगत असल्याची खूण नव्हे. भेगांतून फार खोलवर गेलेले पाणी तेथील उष्णतेने तापून वर येते. भूकंपनाभी जमिनीच्या आत असते, तर तिच्या नेमके वर भूपृष्ठावर असते ते अपिकेंद्र. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची पद्धती अद्याप कोणासही सापडलेली नाही. सबब ‘भूकंपाची पूर्वसूचना देऊन हानी टाळावी’ असे लिहू नये. ज्वालामुखीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा आधी लक्षणे दिसतात, आणि इशारा देता येतो.

उजळणीचा क्रम

सहा पाने तयार झाली की वही मिटावी आणि कोऱ्या कागदावर एक पान आठवून लिहावे. मग ताडून पाहावे आणि जे सुटले ते लाल शाईने भरावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व परीक्षेपूर्वी असे तीनदा केले की घोकंपट्टीची गरज राहत नाही. नंतर पाने जोडीने घ्यावीत. कोयना व किल्लारी, किल्लारी व कच्छ, दख्खन व बॅरन, रुईस व पिनातुबो. प्रत्येक जोडीखाली ‘फरक का पडला’ याचे एक वाक्य लिहावे. ते एक वाक्य दहा तारखांहून मोलाचे आहे.

शिक्षक बंधुभगिनींस माझी विनंती आहे की, ‘दक्षता’ हा मुद्दा आला की पुस्तक मिटवून वर्गास उभे करावे. घंटेचा इशारा ठरवावा. घंटा होताच मुलांनी बाकाखाली जावे आणि दप्तराने डोके झाकावे. तोंडाने साठपर्यंत अंक मोजावेत. मग रांगेने मैदानात जावे आणि हजेरी घ्यावी. महिन्यातून एकदा दहा मिनिटे यास पुरतात. पालकांनी घरी पाहावे की झोपण्याच्या जागेच्या वर जड पेटी वा फळी नाही ना, आणि बाहेर पडण्याची वाट सामानाने अडलेली नाही ना. ग्रामपंचायतींनी व अधिकारीवर्गाने शाळेच्या खोल्यांची तपासणी कागदावर ठेवू नये.

त्या घटनेनंतर मी माझ्या वर्गाकडून अशी तालीम करवून घेऊ लागलो. पहिल्या वेळी मुले हसली, दुसऱ्या वेळी कंटाळली, तिसऱ्या वेळी मुकाट्याने बाकाखाली गेली. हात मोडलेली ती मुलगी पुढे रांगेच्या अग्रभागी उभी राहून लहान मुलांस बाहेर नेऊ लागली. परीक्षेत तिला किती गुण मिळाले ते मला आज आठवत नाही. पण त्या वर्गात हे उत्तर सर्वांत चांगले कोणास येत होते, हे मला ठाऊक आहे.

मुलांनो, उद्यापासून पहिले पान भरावयास घ्या.